अग्निबाणावर उपग्रहाची उभी जुळणी

अवकाशात जाणारा उपग्रह अग्निबाणाच्या माथ्यावर बसविण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत आडव्या ठेवलेल्या अग्निबाणाला उपग्रह जोडला जातो आणि नंतर संपूर्ण रचना प्रक्षेपण तळावर उभी केली जाते. दुसऱ्या पद्धतीत अग्निबाण आधीच उभा असतो व उपग्रह क्रेनने उचलून त्यावर बसवला जातो. हीच उभी जुळणी होय.

मोठ्या उपग्रहांसाठी ही पद्धत महत्त्वाची ठरते. उड्डाणाच्या वेळी मुख्य भार उपग्रहाच्या उभ्या अक्षावर येतो आणि त्याचा सांगाडा प्रामुख्याने तो भार पेलण्यासाठी घडवलेला असतो. उपग्रह आडवा केल्यास, एका टोकाला घट्ट धरलेल्या तुळईप्रमाणे त्याचे सारे वजन तळाच्या जोडकड्यावर लटकते. इंधनाने भरलेल्या टाक्या आणि मोठ्या दुर्बिणींचे आरसे यांना हा ताण अपायकारक ठरू शकतो. तो सोसण्यासाठी सांगाडा अधिक भक्कम केल्यास वजन वाढते आणि तेवढी उपकरणे कमी न्यावी लागतात.

भारतात श्रीहरिकोटा येथे उभ्या जुळणीचे दोन प्रकार विकसित झाले. पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी ज्या तळावरून झाले, तेथे अग्निबाणाचे टप्पे तळावरच एकमेकांवर रचले जात. रुळांवरून सरकणारा सेवा मनोरा त्यांना वेढून असे आणि उड्डाणापूर्वी मागे घेतला जाई. मात्र या काळात तळ अडकून पडे. २००५ मध्ये कार्यान्वित झालेल्या दुसऱ्या तळाने ही अडचण दूर केली. येथे जुळणी स्वतंत्र उंच इमारतीत होते व उभा अग्निबाण चलत्या चौथऱ्यावरून तळाकडे नेला जातो.

चांद्रयान-३ हे त्याचे ठळक उदाहरण होय. सुमारे ३९०० किलोग्रॅम वजनाचे हे यान उष्णतारोधक कवचात बंद करून ५ जुलै २०२३ रोजी एलव्हीएम-३ अग्निबाणावर बसविण्यात आले. १४ जुलै रोजी त्याचे यशस्वी प्रक्षेपण झाले.

रशियाचा सोयूझ अग्निबाण परंपरेने उपग्रहासह आडवाच जोडला जातो. तथापि, फ्रेंच गियानातील कुरू येथे २०११ मध्ये त्याची उड्डाणे सुरू झाली, तेव्हा तेथे खास सरकता मनोरा उभारण्यात आला. अग्निबाण आडवा जोडून उभा केल्यावर उपग्रह या मनोऱ्यात वर बसवला जाई. उभ्या जुळणीसाठी घडवलेल्या उपग्रहांकरिता तळालाच बदलावे लागले.

श्रीहरिकोटा येथील तिसऱ्या प्रक्षेपण तळास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली असून त्यासाठी ३९८४.८६ कोटी रुपयांची तरतूद आहे. तळाची रचना एकदा ठरली की पुढील अनेक वर्षांच्या उपग्रहांची घडणही तिच्याशी बांधली जाते.