चणे, दात आणि सुभाष रोड

धारवाडचा सुभाष रोड म्हटला की साहित्याची आवड असलेल्या माणसाला मनोहर ग्रंथमालेचा माळा आठवतो. कन्नडमध्ये त्याला 'अट्ट' म्हणतात. जी. बी. जोशी यांनी १९३३ मध्ये सुरू केलेली ही प्रकाशनसंस्था. तिच्या माळ्यावर कन्नडमधले मोठमोठे लेखक गप्पा मारत बसत. गिरीश कर्नाडांचं 'ययाति' हे नाटक १९६१ मध्ये इथूनच पुस्तकरूपानं बाहेर आलं.

मला मात्र सुभाष रोड म्हटला की आजीची कवळी आठवते. हसू नका. त्या कवळीच्या निमित्तानं मी पुढे बराच इतिहास वाचला, आणि तोच आज सांगणार आहे.

सुभाष रोडच्या एका बोळात माझं आजोळ. मामा एका छोट्या छापखान्यात मुद्रितं तपासायचा. १९९४ च्या मे महिन्यात आम्ही गोव्याहून सुट्टीला गेलो, तेव्हा आजीच्या तोंडात खालचे तीन दात उरले होते, तेही हलणारे. भाकरी ताकात बुडवून, कुस्करून ती कशीबशी गिळायची. धारवाडी पेढा तेवढा आवडीनं खायची, कारण तो चावावा लागत नाही! पण खरं दुःख खाण्याचं नव्हतं. आजी हसायची बंद झाली होती. कुणी आलं की पदर तोंडावर जायचा.

मामानं एका खाजगी दवाखान्यात चौकशी केली. सांगितलेला आकडा त्याच्या महिन्याच्या पगाराच्या पुढे जात होता, आणि जूनमध्ये मामेबहिणीची कॉलेजची फी भरायची होती. आजीनं स्वतःच निकाल दिला, "माझं आता काय राहिलंय? पोरीची फी भर." दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण नशिबाची थट्टा म्हणून वापरतो. त्या दिवशी मला ती घरखर्चाच्या वहीतली नोंद वाटली.

तर प्रश्न असा, की ज्याच्यामागे विमा नाही, शिल्लक नाही, त्यानं दात दुखला तर आजवर काय केलं?

पूर्वी उत्तर सोपं होतं. लवंगेचं तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि अगदीच असह्य झालं की दात उपटणारा माणूस. आठवड्याच्या बाजारात, जत्रेत हे लोक बसत. पुढ्यात उपटलेल्या दातांची रास, तीच त्यांची जाहिरात. कोलकाता, मुंबईसारख्या शहरांत चिनी दंतवैद्य होते. चीनच्या हुबेई प्रांतातून आलेल्या कुटुंबांचा हा पिढीजात धंदा. बाप मुलाला शिकवायचा, रस्त्यावर पाटी लागायची, आणि बेताच्या पैशांत दात बसवून मिळायचा. १९६२ च्या युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं, कित्येकजण पुढे देश सोडून गेले, आणि हळूहळू त्या पाट्याही विरळ झाल्या.

शिकून दंतवैद्य होण्याची सोय आपल्याकडे फार उशिरा आली. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून शिकून परतले आणि १९२० मध्ये त्यांनी कोलकात्यात भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. तिथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना थाटला. मुंबईत, पुढे नायर दंत महाविद्यालय म्हणून ओळखली गेलेली संस्था १९३३ मध्ये सुरू झाली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. पण धारवाडच्या एखाद्या शेतकऱ्यानं दाढेसाठी मुंबई गाठावी, हे बोलायलाच ठीक. भोर समितीनं १९४६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा देशात दंतवैद्य निघाले साधारण हजार. म्हणजे तीन लाख माणसांमागे एक!

यानंतर येतं १९४८ साल. ते मला फार बोलकं वाटतं.

त्या वर्षी ५ जुलैला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि दात, कवळ्या सगळ्यांना मोफत मिळू लागल्या. लोकांची अशी झुंबड उडाली, की सरकारचे सगळे अंदाज कोसळले. वर्षानुवर्षं दुखणं दाबून बसलेली माणसं दारात उभी राहिली होती. शेवटी १९५१ मध्ये कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं, आणि ही सेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी त्या मुद्द्यावर मंत्रिपद सोडलं. कवळीच्या पैशांवरून राजीनामा देणारा मंत्री जगानं पाहिला आहे, हे लक्षात ठेवा.

त्याच १९४८ मध्ये भारतानं दंतवैद्य कायदा केला. त्यानं लोकांना दात दिले नाहीत, दंतवैद्यांची नोंदवही दिली. नोंदवहीचे दोन भाग: मान्यताप्राप्त पदवीवाले 'अ' भागात, आणि पदवी नसलेले, पण अनुभवावर धंदा करत आलेले 'ब' भागात. नोंदवही हवीच होती, त्यात वाद नाही. अडाणी हातांनी जबडे बिघडत होते. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की बाजारातला स्वस्त माणूस बेकायदा ठरत गेला आणि त्याच्या जागी परवडणारा शिकलेला माणूस लगेच आला नाही. मधली पोकळी तशीच राहिली. (आता २०२३ मध्ये संसदेनं त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आहे.)

विम्यानं ती पोकळी भरली का? १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली. तिचं मूळ सूत्र असं, की रुग्णालयात दाखल झालात तर खर्च मिळेल. आता सांगा, दाढ भरायला किंवा कवळी बसवायला कोण दाखल होतं? अपघातात जबडा फुटला तर गोष्ट वेगळी. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेचं सूत्रही तेच. जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेला जागा आहे, किडलेल्या दाताला नाही. मी सरकारी कारकून आहे. 'तरतूद नाही' हे दोन शब्द लिहिण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे ते समोरून ऐकताना कसे लागतात, हे मला जरा जास्तच कळतं.

मग पोकळी भरली कशानं? माझं उत्तर: दंत महाविद्यालयांनी, आणि तीही काहीशी नकळत.

नकाशा डोळ्यासमोर आणा. पणजी, बेळगाव, धारवाड. गोवा दंत महाविद्यालय बांबोळीला, सुरू झालं १९८० मध्ये. बेळगावचं केएलई संस्थेचं दंत महाविद्यालय १९८५ मध्ये. धर्मस्थळाच्या एसडीएम शिक्षणसंस्थेचं धारवाडजवळ सत्तूरला, १९८६ मध्ये. आमच्या या पट्ट्यात सहा वर्षांत तीन महाविद्यालयं उभी राहिली. मेडिक्लेम आली त्याच वर्षी सत्तूरचं कॉलेज सुरू झालं, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. विम्यानं दार लावून घेतलं, तेव्हा दुसरीकडे एक दार उघडत होतं.

त्या दाराची गंमत अशी. दंतवैद्यकाचा विद्यार्थी पुस्तक वाचून दंतवैद्य होत नाही. त्याला माणसाचं तोंड लागतं. इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या केल्या, असा ठरलेला कोटा पुरा केल्याशिवाय त्याची सुटका नसते. म्हणून परीक्षा जवळ आली की ही मुलं बोळके आजी-आजोबा शोधत फिरतात! गरिबाला दात हवे असतात, विद्यार्थ्याला गरीब हवा असतो. वर शिक्षकाची देखरेख असते. त्यामुळे दर कमी ठेवता येतात.

शेजारच्या एका बाईंनी मामाला हेच सांगितलं, "अहो, सत्तूरला घेऊन जा की त्यांना." सिटी बसनं मामा आजीला घेऊन गेला. मीही बरोबर होतो. आजीच्या वाट्याला आली परगावची एक मुलगी, शेवटच्या वर्षाची. तिला मराठी येत नव्हती, कन्नड मोडकी. आजीला मराठी आणि धारवाडी कन्नड, बाकी काही नाही. दोघींचं हातवाऱ्यांवर चाललं होतं.

कवळी एका दिवसात होत नाही, हे मला तेव्हाच कळलं. आधी उरलेले तीन दात काढले. हिरड्या भरून यायला काही आठवडे गेले. मग जबड्याचा पहिला साचा. त्यावरून प्लास्टरचा ठसा. मग आणखी बारकाईचा दुसरा साचा. मग मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून वरचा-खालचा जबडा नेमका कुठे मिळतो, ते मोजायचं. मग मेणात दात रोवून पाहायचे: ओठ कसे दिसतात, बोलताना शिट्टी वाजते का. ते पसंत पडलं की मेणाच्या जागी ॲक्रिलिक. कवळी हातात आल्यावरही ती टोचते, घासून घ्यायला परत जावं लागतं. माझी सुट्टी संपली तरी आजीच्या फेऱ्या संपल्या नव्हत्या. एकदा हिरडीला जखम झाली तेव्हा तिनं कवळी डब्यात घालून ठेवली आणि "नको ते दात" म्हणून रुसून बसली, असं मामाच्या पत्रात होतं.

ती ज्या ॲक्रिलिकची होती, त्याच्याही मागे एक जुनं भांडण आहे. एके काळी कवळी म्हणजे सोनं किंवा हस्तिदंत, श्रीमंतांचा मामला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कडक रबराची कवळी आली आणि सामान्य माणसाला दात परवडू लागले. पण अमेरिकेत गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीनं पेटंटच्या जोरावर दंतवैद्यांकडून परवाना फी वसूल करायला सुरुवात केली आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेचलं. १८७९ मध्ये कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चालफंट नावाच्या दंतवैद्यानं गोळी घातली. दोन वर्षांनी पेटंट संपलं. स्वस्त दातांसाठी रक्तसुद्धा सांडलं आहे, राव!

दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा दार आजीनंच उघडलं. पदर खांद्यावर, आणि तोंडभर हसू. त्या मुलीचा कोटा पुरा झाला होता. आजीनं तिला घरी फराळाला बोलावलं होतं म्हणे, आणि स्वतःच्या नव्या दातांनी तिच्यासमोर चकली मोडून दाखवली होती.

आता 'ययाति'ची गोष्ट आठवा. म्हातारा राजा मुलाचं तारुण्य मागून घेतो, मुलगा म्हातारा होतो. एकाला मिळालं की दुसऱ्याचं जातं. त्याच रस्त्यावरच्या आमच्या घरात मी उलटं पाहिलं. एका तरुण मुलीनं म्हातारीला दात दिले, आणि तिचं काही गेलं नाही. तीही काहीतरी घेऊनच गेली. म्हणून अशा ठिकाणच्या उपचाराला लोक 'धर्मादाय' म्हणतात, ते मला पटत नाही. आजीनं आपलं तोंड, आपला वेळ, आपला धीर दिला होता. त्या मुलीनं पुढे आयुष्यभर जे दात बसवले असतील, त्यांत आजीचाही वाटा आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. पैसे कमी लागले, दिवस जास्त लागले. मामाच्या किती रजा गेल्या! त्याला महिन्याचा पगार होता म्हणून जमलं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला आठ फेऱ्या म्हणजे आठ दिवसांची मजुरी. ती अजूनही दुखरा दात उपटून मोकळी होते, नाहीतर रस्त्याकडेला शेजारच्या चांगल्या दाताला चिकटवलेला खोटा दात बसवून घेते आणि पुढे तोही चांगला दात गमावते. कर्नाटक सरकारनं २०१४ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळ्या देणारी 'दंत भाग्य' योजना आणली. तीसुद्धा दंत महाविद्यालयांमार्फतच, हे विशेष. योजना चांगली, पण फेऱ्यांचं मोल कुठल्याच योजनेत धरलेलं दिसत नाही.

तेव्हा वाचकहो, घरात कुणाचा दात अडला असेल आणि आकडा ऐकून छातीत धस्स झालं असेल, तर जवळचं दंत महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालयातला दंतविभाग आधी गाठा. सकाळी लवकर जा. शिधापत्रिका जवळ असू द्या, सवलत आहे का ते विचारा. किती फेऱ्या होतील आणि एकूण किती लागतील, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. विद्यार्थ्याचं काम शिक्षक तपासतात ना, हेही विचारा, त्यात संकोच नको. आणि मान खाली घालून जाऊ नका. तिथे तुमचीही कुणाला तरी गरज असते.

आजी २००३ मध्ये गेली. कवळी शेवटपर्यंत रात्री पाण्याच्या वाटीत, उशाशी असायची. फीचं म्हणाल, तर मामेबहीण त्या जूनमध्ये कॉलेजात गेली. दात आणि चणे एकाच घरात, एकाच वर्षी. आमच्या घरात तरी त्या म्हणीला एकदा हार खावी लागली.