पॅड नव्हे, फत्

मेनूकार्डावरचं ‘पॅड थाई’ आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंगच्या वळणाने आलं. बँकॉकमधला माणूस म्हणतो ‘फत् थाय’. सुरुवातीला आपल्या ‘फळ’मधला फ, शेवटी जेमतेम ऐकू येणारा त. देवनागरीत हे सरळ लिहिता येतं, पण आपण जाणार लंडनमार्गेच!

‘फत्’ म्हणजे मोठ्या आचेवर परतणं. पूर्ण नाव ‘क्वायतियाव फत् थाय’. त्यातलं ‘क्वायतियाव’, म्हणजे तांदळाच्या नूडल्स, दक्षिण चिनी बोलीतून आलेलं. नूडल्स चिनी, परतायची रीतही चिनी. मग ‘थाय’ हे बिरुद कशाला? १९३९मध्ये फिबुनसोंग्क्राम यांच्या सरकारने सयामचं थायलंड केलं. राष्ट्रवादाच्या त्या लाटेतच हा पदार्थ देशभर पुढे आला, असं मानतात. नावातला ‘थाय’ म्हणजे, माझ्या मते, ताटलीवर मारलेला सरकारी शिक्काच. चव मात्र अस्सल तिथली: चिंच, ताडगूळ, माशांचं खारं पाणी.

बँकॉकच्या महाचाय रस्त्यावरच्या ‘थिप समाय’पुढे रांग लागते ती अंड्याच्या पातळ पोळीत गुंडाळलेल्या फत् थायसाठी. पोळी दिसते झकास, पण मी आधी नूडल्स बघतो. चंथाबुरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘सेन चान’ नूडल्स चिवट असतात. त्यांचा गिचका झाला की आचारी चुकला. ताटलीत रस साचलेला तर अजिबात नको. बाजूला दाण्याचं कूट, लिंबू, मोड आणि केळफुलाची फोड. ती भाजीसाठी घरी न्यायची नाही, कच्चीच खायची.