कडू कवठाचे तेल आणि तपोवन

नांदगाव पेठेहून अमरावतीस येणाऱ्या प्रवाशास ज्या तपोवनाचे नाव ऐकू येते, ते डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली महारोग्यांसाठी उभारले; आणि महारोगाच्या औषधाचा इतिहासही नेमका त्याच सुमारास कूस बदलीत होता. तत्पूर्वी रोग्याच्या वाट्यास येई ते कडू कवठाचे तेल. पोटात घ्यावे, तर मळमळीने उलटून पडे. सुईने टोचावे, तर ते घट्ट तेल मांसात साचून राही, असह्य वेदना होत, आणि रक्तात किती उतरले याचा हिशेब कोणासच लागत नसे. औषध शरीरात शिरणे आणि अंगी लागणे या गोष्टी भिन्न आहेत, हे त्या रोग्यांनी केवढ्या यातना सोसून जाणले असेल!

डॅप्सोन हे द्रव्य 1908 सालीच सिद्ध झाले होते; तथापि चिंगलपुट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी ते महारोग्यांस देईपर्यंत जवळजवळ चार दशके लोटली, आणि तेही प्रथम तेलात कालवून, टोचूनच. पुढे ध्यानात आले, की साधी गोळी आतड्यांतून बहुतेक सगळी शोषली जाते, रक्ताबरोबर त्वचेपर्यंत पोचते, यकृतात रूपांतर पावते, पित्तावाटे आतड्यांत उतरलेला तिचा अंश पुन्हा रक्तात परततो, आणि म्हणून रक्तातील औषध निम्मे होण्यास साधारणतः 20 ते 30 तास लागतात. हा संथपणाच गरीब रोग्याच्या पथ्यावर पडला: दिवसाकाठी एक स्वस्त गोळी पुरू लागली. कालांतराने जंतू तिला सरावले, तेव्हा 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. त्या संचात डॅप्सोन आजही आहे.