विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

चिमूरच्या बाजूची जुनी कुडाची घरे आपण पाहिली असतील. बाहेरून मातीचा लेप. पण भिंत तग धरते ती आतल्या बांबूंवर. आपल्या शरीरातल्या पेशीचेही तसेच आहे. तिच्या आत बारीक तंतूंचा सांगाडा असतो. फरक एवढाच, की हा सांगाडा गरजेप्रमाणे मोडतो आणि पुन्हा बांधला जातो. त्याच्याच जोरावर पांढऱ्या पेशी सरकत सरकत जंतूंपर्यंत पोचतात.

तांबड्या पेशीच्या आवरणाखाली अशा तंतूंचे लवचिक जाळे असते. म्हणून तर ती स्वतःहून अरुंद अशा रक्तवाहिनीतून अंग चोरून निघून जाते. पण १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. प्राणवायू सुटला, की या हिमोग्लोबिनचे ताठ दोर बनतात. पेशी कडक होते, वाहिनीला चिकटते, रक्त अडते, आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. हाच सिकलसेल आजार. मध्य भारतातील त्याच्या खुणांची नोंद नागपूरच्या शुक्ल व सोलंकी यांनी १९५८ साली केली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांना तो आता चांगलाच परिचित आहे.

मग असा घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? आई किंवा बाप, एकाकडूनच तो आलेला असेल तर माणूस सहसा आजारी पडत नाही, उलट जीवघेण्या हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते, असे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले. त्यामागचे एक कारण २०११ साली हायडेलबर्गच्या संशोधकांना सापडले. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून तिच्याच सांगाड्यातले ॲक्टिनचे तंतू पळवतो आणि त्यांच्या वाटा बांधतो. या वाटांवरून चिकटणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर जातात, आणि पेशी रक्तवाहिनीला घट्ट धरून बसते. दोषी हिमोग्लोबिन असले, की ही बांधणी बिघडते. पकड सैल पडते. जंगलात हिवताप होता, म्हणून हा दोषही टिकून राहिला.

तेव्हा हा कुणाचा शाप नव्हे, की कुळाचा कलंक नव्हे. मात्र आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून गुरुजींनो, वरच्या वर्गातल्या मुलामुलींना एवढे जरूर सांगा : लग्नाआधी पत्रिका पाहा न पाहा, रक्त मात्र तपासून घ्या.