निळ्या कार्डाची कुळकथा

ब्लू कार्ड निळं नसतं. भाचीने म्युनिकहून व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं, तेव्हा मी जरा हिरमुसलोच. एटीएम कार्डाएवढं प्लॅस्टिक, त्यावर फोटो आणि चिप. जर्मनीत राहणाऱ्या कुठल्याही परदेशी माणसाच्या पाकिटात असतं तसंच. परवान्याचा प्रकार लिहायच्या ओळीत काय ते 'ब्लाउए कार्टं' हे शब्द छापलेले. उच्चशिक्षित परदेशी माणसाला युरोपीय संघात राहून नोकरी करायचा हा परवाना. एवढ्यासाठी ती पुण्यात चार महिने कागद गोळा करत होती: पदवी, नोकरीचा करार, पगाराचा आकडा आणि 'अनाबिन'चा प्रिंटआउट. अनाबिन म्हणजे परदेशी विद्यापीठांची जर्मन यादी. आपलं विद्यापीठ तिथे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असेल तर अर्ध्या चिंता मिटतात. हल्ली पुण्यातल्या इंजिनियर पोरांना 'तुझं अनाबिन झालं का?' हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो.

या कार्डाच्या नावाचा बाप अमेरिकन आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने परदेशी रहिवाशांना जे कार्ड दिलं ते हिरवं होतं, म्हणून लोक त्याला ग्रीन कार्ड म्हणू लागले. १९६४ मध्ये त्याचा रंग बदलला आणि गंमत म्हणजे फिकट निळा झाला. नाव मात्र हिरवंच राहिलं. पुढे युरोपला तसंच काही हवं होतं, तेव्हा युरोपीय संघाच्या झेंड्याचा निळा रंग घेऊन ब्रुसेल्सच्या ब्रूगेल या अभ्याससंस्थेत 'ब्लू कार्ड' हे नाव सुचवलं गेलं.

नावाचं झालं. वस्तूचं कूळ बरंच जुनं आहे. कसबी परदेशी माणसाला राजाने अभयपत्र देऊन बोलावून घ्यावं, ही रीत मध्ययुगापासूनची. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३३१ मध्ये फ्लँडर्सच्या जॉन केंप या विणकराला असं पत्र दिलं. त्याच्यासोबत येणाऱ्या माणसांना आणि शिकाऊ पोरांनाही ते लागू होतं. आपल्याकडे महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सॅव्हॉयच्या डी बॉयनला नोकरीत घेतलं ते कवायती पलटणी उभ्या करायला. त्याच्याकडे कुणी पदवीचा दाखला मागितला नाही. फौजेच्या खर्चासाठी दोआबातली जहागीर मात्र तोडून दिली.

जर्मन भूमीवरचं या घराण्यातलं सगळ्यात देखणं कागदपत्र १६८५ चं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले आणि काही दिवसांतच ब्रांडेनबुर्गच्या फ्रीडरिश विल्हेल्मने पॉट्सडॅमहून फर्मान काढलं: या. तीस वर्षांच्या युद्धाने त्याचा मुलूख उजाड झाला होता, त्याला माणसं हवी होती, त्यातही रेशीम, कापड, घड्याळं यांतली. फर्मान जर्मनबरोबर फ्रेंचमध्येही छापलं होतं. प्रवासाला मदत करायला अ‍ॅमस्टरडॅम, फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्ग इथे त्याची माणसं नेमलेली. ओसाड घरं फुकट, दुरुस्तीचं सामान फुकट, काही वर्षं करमाफी, शहराच्या नागरिकत्वाला आणि कारागिरांच्या संघात शिरायला पैसे नाहीत. सुमारे वीस हजार ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, आले. १७०० च्या आसपास बर्लिनमधला दर पाचवा माणूस फ्रेंच होता असं सांगतात. आजच्या कुठल्याही परवान्याची जाहिरात मला या फर्मानापुढे कंजूष वाटते.

मग हे औदार्य आटलं कुठे? त्याच मुलखात, म्हणजे पुढच्या प्रशियात, दोनशे वर्षांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडच्या शेतांना पोलिश मजूर हवे होते, पण पोलिश वस्ती नको होती. यावर सरकारने काढलेला तोडगा असा: उन्हाळ्यात या, हिवाळ्यात परत जा. १९०८ पासून परदेशी मजुराला ओळखपत्र सक्तीचं झालं. त्याचा रंग राष्ट्रीयतेनुसार ठरायचा. पोलिश माणसाचं तांबडं. कार्डावर मालकाचं नाव असायचं, आणि मालकाला न विचारता काम सोडलं तर मजुराची रवानगी सरहद्दीपार. रंगीत कार्डाची ही कल्पना ब्लू कार्डाच्या जाहिरातीत कुणी सांगणार नाही. मी मात्र तिला याच घराण्यातली आजी मानतो.

पुढचं पर्व बहुतेकांना ठाऊक असतं. १९५५ मध्ये इटलीशी करार, मग स्पेन, ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान. 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणे कामगार. पाहुण्याने कामाला जुंपून घ्यायचं आणि वेळ झाली की उठायचं. तुर्कांच्या करारात आधी दोनच वर्षांची मुदत होती. ती १९६४ मध्ये काढली, कारण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवून नवा आणणं कारखानदारांना महाग पडत होतं. त्याच वर्षी कोलोनच्या स्टेशनवर दहा लाखाव्या पाहुण्याला मोपेड भेट मिळाली. याच काळात चर्चच्या मार्गाने केरळच्या नर्साही जर्मन इस्पितळांत दाखल झाल्या. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये भरती बंद झाली. गंमत अशी की बंदीनंतर जर्मनीत परतायची वाट बंद होईल या भीतीने पाहुण्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं आणि घर केलं.

दार पुन्हा किलकिलं झालं ते २००० मध्ये. हॅनोव्हरच्या सेबिट या संगणक प्रदर्शनात चॅन्सेलर श्रोडरनी संगणक तज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' जाहीर केलं. अमेरिकेचं त्या वेळी हिरवं नव्हतं आणि जर्मनीचं कायमचं नव्हतं, म्हणजे उसनं नाव दोन्ही बाजूंनी खोटं ठरलं. अट अशी की संगणकाची पदवी हवी, नाहीतर वर्षाला एक लाख मार्क पगार. मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षं. एका मोठ्या राज्याच्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते र्‍युटगर्स यांच्या प्रचाराची ओळख 'किंडर श्टाट इंडर' या घोषणेने झाली: भारतीयांऐवजी आपली मुलं. यमक जुळलं, निवडणूक मात्र हरली. पहिलं ग्रीन कार्ड बंगळूरच्या कुणाला मिळालं नाही. आखेनमध्येच शिकलेल्या एका इंडोनेशियन तरुणाला मिळालं. २००४ अखेरपर्यंत सुमारे अठरा हजार लोक आले, त्यांत सगळ्यात मोठा गट भारतीयांचा.

२००५ च्या कायद्यात 'होखक्वालिफित्सिएर्ट', म्हणजे अत्युच्च पात्रतेचा माणूस, हा शब्द आला आणि अशा माणसाला पहिल्या दिवसापासून कायमचा परवाना मिळू लागला. फक्त तज्ज्ञाचा पगार वर्षाला ८४,६०० युरो हवा. एवढ्या पगाराची माणसं मोजकीच, म्हणून परवानेही वर्षाला शेकड्यांतच. इथे सरकारची खोड उघडी पडते. कौशल्य मोजायचं माप त्याच्याकडे नाहीच, ते पगार मोजतं, नाहीतर पदवी. अठराव्या वर्षापासून कोड लिहिणारा, पण पदवी नसलेला माणूस कितीतरी वर्षं 'कुशल' ठरतच नव्हता. पदवीविना अनुभवी संगणक तज्ज्ञाला ब्लू कार्डाची वाट खुली झाली ती थेट २०२३ च्या नोव्हेंबरात.

ब्लू कार्डाचा युरोपीय निर्देश मे २००९ चा. जर्मनीने तो १ ऑगस्ट २०१२ ला लागू केला. पगाराची अट ४४,८०० युरो, टंचाईच्या व्यवसायांना त्याहून कमी. २०२५ मध्ये ती ४८,३०० होती. २००० सालचे एक लाख मार्क म्हणजे सुमारे ५१ हजार युरो. पाव शतक उलटलं, महागाई वाढली, तरी २०२५ चा उंबरठा त्याच्या खालीच होता. गरज कुणाची वाढली ते यावरून कळतं. आज युरोपातल्या दर चार ब्लू कार्डांपैकी तीन जर्मनी देतो, आणि घेणाऱ्यांत भारतीय पहिले.

मला यातला खरा बदल पगाराचा वाटत नाही. जर्मन भाषा बी-वन पातळीपर्यंत आली की २१ महिन्यांत कायमचा परवाना, जेमतेम बोलता आलं तरी २७ महिन्यांत. हिवाळ्यात परत जा, दोन वर्षांनी जा, पाच वर्षांनी जा असं शंभर वर्षं म्हणणाऱ्या सरकारने चार पैसे मिळवणाऱ्या साध्या इंजिनियरला 'राहा, पण भाषा शीक' म्हटलं, हे मी मोठंच मानतो. आता तिथल्या कचेरीत 'टर्मिन', म्हणजे भेटीची वेळ, मिळायला भाचीला अकरा आठवडे लागले, ते वेगळं. पॉट्सडॅमच्या फ्रीडरिश विल्हेल्मची माणसं वाटेतच भेटायची.

कॉल संपता संपता तिने कार्डासोबत आलेला एक घडीचा कागद दाखवला. कामाच्या अटी त्यावर असतात, जपून ठेव असं तिला सांगितलं होतं. त्यावर तिच्या कंपनीचं नाव टाइप केलेलं होतं. कागद हिरवा होता.