हजेरीपटाची उलटतपासणी

कामगारांच्या सामाईक निधीत मालकाने किती भरायचे हे पगारावर ठरते, आणि पगाराचा हिशेब मालकाच्याच दप्तरात असतो. त्यामुळे निधी सांभाळणाऱ्याला ते दप्तर उघडून पाहण्याचा हक्क लागतो. अमेरिकेत 1947च्या टाफ्ट-हार्टले कायद्यानंतर युनियन आणि मालक यांच्या संयुक्त विश्वस्त निधींनी त्यासाठी स्वतःचे हिशेबतपासनीस ठेवले. भारतात युनियनच्या हाती असा निधी फारसा आलाच नाही. तपासणीचे काम कायद्याने नेमलेल्या इन्स्पेक्टरकडे गेले. मुंबईच्या उपनगरांत मात्र तपासणीच्या दोन निराळ्या रीती शेजारी शेजारी वाढल्या. एक भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे कामगारांच्या बोलीतल्या 'फंडा'ची, आणि दुसरी हमालांच्या माथाडी मंडळाची.

दप्तर ठेवण्याची सक्ती या दोन्हींच्या आधीची. 1936च्या वेतन कायद्याने पगाराची आणि दंडाची नोंदवही ठेवणे भाग पाडले, दंडावर रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली आणि दंडाचा पैसा कामगारांच्याच उपयोगी लावावा असे ठरवले. 1953च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने त्यापुढे जाऊन दंडाबरोबर न दिलेले पगारही निधीत ओढले. बॉम्बे डाइंगने याला आव्हान दिले आणि 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न दिलेल्या पगाराबाबतची तरतूद अवैध ठरवली. पुढे कायदा सुधारून ती वाट पुन्हा मोकळी करावी लागली. कामगार कल्याण केंद्रांतल्या नाट्यस्पर्धा अनेकांना ठाऊक आहेत, पण त्यांच्या निधीचे एक मूळ दंडाच्या वहीत आहे हे क्वचितच कोणाच्या ध्यानात असते.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952चा. पहिल्या यादीत सहाच उद्योग होते: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. तेही पन्नास किंवा अधिक कामगारांचे कारखाने. वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा. तेवढीच कामगाराची आणि तेवढीच मालकाची. कापडाने गिरणगाव या कायद्याखाली आले, तर अभियांत्रिकीने उपनगरे. विक्रोळीत गोदरेज आणि कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभे राहिले होते. आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, भांडुप-मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग वाढत होती. 1954च्या ऑक्टोबरात कामगार राज्य विमा योजनाही मुंबईत आली. तिची वर्गणी सुरुवातीला रोखीने नव्हे तर तिकिटांनी भरली जाई. प्रत्येक कामगाराचे एक कार्ड असे आणि त्यावर मालक तिकिटे चिकटवी. इन्स्पेक्टरचे काम त्यामुळे दिसायला सोपे होते: कार्डे मोजायची आणि हजेरीपटाशी ताडायची.

अनुभवी इन्स्पेक्टर हजेरीपटावर फार वेळ घालवत नसे. त्यात जी नावे असतात त्यांची वर्गणी बहुधा भरलेली असते. प्रश्न नसलेल्या नावांचा असतो. म्हणून तो खतावणी मागे. 'दुरुस्ती व देखभाल', 'हमाली', 'मजुरी', 'रंगकाम', 'पॅकिंग' अशा खात्यांत कच्च्या व्हाउचरवर दिलेली रक्कम पाही आणि ती कोणाच्या हातात गेली ते विचारी. ताळेबंदातला मजुरीचा एकूण आकडा आणि चलनावरचा पगाराचा आकडा यांतला फरक हीच खरी तपासणी. पुरावा मिळाला की भविष्य निधीच्या कायद्यात कलम 7-अखाली आणि विमा कायद्यात 45-अखाली रक्कम ठरे. मालकाने कागद दिलेच नाहीत तर हाती असलेल्या माहितीवरून अंदाजाने आकारणी करता येई. या अधिकाराचा गैरवापरही होऊ शके. पैसा वसूल झाला पण कोणत्या कामगाराच्या नावे जमा करायचा हे कळले नाही, तर तो फंड कोणाचाच राहत नाही. आयुक्ताने आपले अधिकार वापरून पुरावा गोळा करायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने फूड कॉर्पोरेशनच्या खटल्यात सुनावले ते याच कारणाने.

1960च्या अखेरीस पन्नासाची मर्यादा वीसवर आली आणि उपनगरांतली खरी ओढाताण सुरू झाली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, अंधेरी-मरोळला त्याची वसाहत झाली, आणि औद्योगिक इस्टेटींतले गाळे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरले. गाळ्यात वीस माणसे म्हणजे काठावरचा आकडा. एकाच घरातल्या तिघांच्या नावे तीन फर्म, तिन्हींचे दार एक, यंत्रे एकमेकांना लागून आणि प्रत्येकीच्या पटावर वीसपेक्षा कमी नावे, असा प्रकार सर्रास होता. भविष्य निधी कायद्याचे कलम 2-अ शाखा आणि विभाग एकच आस्थापना मानत असे, पण निरनिराळ्या नावांच्या फर्म खरोखर एक आहेत का हे मालकी, देखरेख, वीजजोडणी आणि मालाची ये-जा पाहूनच सिद्ध करावे लागे. ठेकेदाराची माणसे हा दुसरा आडोसा. तेथे कायद्याने जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच टाकली. पटावर नाव नसलेल्यांची बाजू लावून धरणे इन्स्पेक्टरपेक्षा युनियनलाच जमले: घाटकोपरला दवाखाना असलेल्या डॉ. दत्ता सामंत यांच्या कामगारकार्याची सुरुवात तिथल्या दगडखाणींतल्या मजुरांपासून झाली.

कामगाराच्या पगारातून वर्गणी कापायची आणि भरायचीच नाही, हा सर्वांत निंद्य प्रकार. 1973 मध्ये दंडसंहितेत दुरुस्ती होऊन अशी कापलेली रक्कम विश्वासाने सोपवलेली मानली गेली. ती न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरला. त्यानंतर लपवण्याची जागा बदलली: मूळ वेतन लहान ठेवायचे आणि उरलेले निरनिराळ्या भत्त्यांत टाकायचे. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता वर्गणीच्या हिशेबात धरावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019च्या विवेकानंद विद्यामंदिर निकालात ठरवून दिले.

माथाडींची रीत याच्या अगदी उलट. डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाला एक मालकच नसतो: सकाळी एका दुकानाचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. त्याचा हजेरीपट कोणी ठेवायचा? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यानंतर 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला आणि त्याने पगार देण्याचे कामच मालकाच्या हातून काढले. मालक मंडळाकडे नोंदतो, कामगार टोळीत नोंदतो. काम झाले की मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही मालक मंडळात भरतो. मजुरी मंडळ वाटते. फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा आणि औषधपाणी लेव्हीतून भागते. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी, त्यामुळे अमेरिकी विश्वस्त निधीच्या सर्वांत जवळ हीच व्यवस्था जाते.

येथे इन्स्पेक्टर पगारपत्रक पाहत नाही, माल पाहतो. किती गोण्या उतरल्या, किती गाड्या लागल्या, वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोणत्या दराने ठरली आणि तेवढ्यावर लेव्ही आली का, एवढेच तपासायचे. मालकाने नोंदच केली नाही किंवा टोळीला हातोहात रोख दिले, तर पैसा मिळाला म्हणून कामगारही गप्प बसतो आणि म्हातारपणीची त्याची पुंजी जाते. उलट बाजूही आहे. माथाडीच्या नावावर न उतरवलेल्या मालाचे पैसे मागणाऱ्या टोळ्यांमुळे कायद्याची बदनामी झाली आणि साकीनाका-अंधेरीसारख्या भागांतले गोदामवाले मंडळाकडे संशयाने पाहू लागले. तरीही ही रीत सरकारला इतकी पटली की 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी तोच साचा वापरून वेगळा कायदा केला.

तपासणीचे रूप नंतर संगणकाने बदलले. 2014च्या ऑक्टोबरात श्रम सुविधा पोर्टल आले. कोणत्या आस्थापनेत जायचे हे इन्स्पेक्टर ठरवत नाही, संगणक ठरवतो, आणि अहवाल सुरुवातीला 72 तासांत चढवावा लागे. फंडाच्या सदस्याला कायमचा क्रमांक मिळाल्याने वर्गणी भरली की नाही हे तो स्वतः मोबाइलवर पाहतो, आणि जुन्या इन्स्पेक्टरचे निम्मे काम त्यातच होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिने नऊ केंद्रीय कायदे एकत्र केले, इन्स्पेक्टरला 'सुलभकर्ता'ही म्हटले, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले तर वरची रक्कम वेतनात धरण्याची सोय केली. माथाडी आणि सुरक्षारक्षक हे राज्याचे कायदे त्या नऊ कायद्यांत नाहीत. त्यामुळे अंधेरीच्या एकाच इमारतीत यंत्रावरच्या कामगाराची वर्गणी मालकाच्या पगारपत्रकावरून जाते आणि दारावरच्या मंडळाच्या रखवालदाराचा पगार मंडळाच्या हिशेबातून येतो.