हात घातला की बाहुली

आमच्या बालवाडीत एक जुनी पत्र्याची पेटी आहे. जोडीदार हरवलेले पायमोजे त्या पेटीत जमा होतात. कधी वाळत घातलेल्या दोनांतला एक वाऱ्यानं उडून जातो, कधी एकाची बोटं फाटतात आणि दुसरा धडधाकट उरतो. पालकांना सांगून ठेवलेलं असतं, की टाकू नका, धुऊन आम्हाला द्या. पेटी भरली की आम्ही सतरंजीवर गोल करून बाहुल्या करायला बसतो.

काही वर्षांपूर्वी साडेचार वर्षांच्या एका मुलीनं राखाडी मोजा उचलला आणि कापडाचे दोन गोल डोळे एकाच बाजूला, शेजारी शेजारी चिकटवले. मी म्हटलं, "अगं, एक डोळा इकडे नको का?" आणि डिंक ओला होता तोवर एक डोळा काढून दुसऱ्या बाजूला लावला. ती काही वेळ बाहुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, ती दाराकडं बघत होती." त्या दिवशी सगळी मुलं आपापल्या बाहुल्या घरी घेऊन गेली. तिची सतरंजीवरच राहिली.

त्या राखाडी मोज्यामुळे मी या बाहुलीचं कुळ शोधायला लागले.

बाहुल्यांच्या खेळाची आपल्याकडची ओळख दोरीनं सुरू होते. 'कळसूत्री' या शब्दातच कळ आणि सूत्र आहे. बाहुलीला ज्ञानेश्वरीत 'साइखडें' म्हटलं आहे, आणि ती हलते ती दुसऱ्याच्या हातातल्या दोरीनं, हा दाखला ज्ञानदेव देतात. म्हणजे तेराव्या शतकात ऐकणाऱ्यांना हा खेळ ठाऊक होता. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी असे तीनही खेळ आजवर जपले आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी.

मोज्याच्या बाहुलीला मात्र दोरी नसते. तिच्यात सरळ हात जातो. तिचं घराणं पिशवीचं आहे. केरळमधल्या पावकथकळीत बाहुलीचं डोकं आणि हात लाकडाचे असतात आणि त्यांना जोडायला जाड कापडाची छोटी पिशवी शिवलेली असते. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत, एवढ्यावर ती उभी राहते. अठराव्या शतकात कथकळीच्या प्रभावाखाली हा खेळ वाढला. पुढे तो जवळजवळ संपला होता. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रोत्साहनानं आणि इरिंजालकुडाच्या जी. वेणू यांच्या खटपटीनं तो पुन्हा उभा राहिला. उत्तर प्रदेशात गुलाबो आणि सिताबो या भांडखोर जोडीचा खेळ याच जातीचा. चीनच्या फुजियान प्रांतात आणि तैवानमध्ये तर या खेळाचं नावच 'कापडी पिशवीचं नाटक' असं आहे.

पिशवीच्या बाहुलीला दोरीच्या बाहुलीचा डौल नाही. तिला पाय नसतात, तिचं चालणं म्हणजे हात पुढे सरकवणं. पण तिला फार खर्च लागत नाही, फार माणसं लागत नाहीत. युरोपात ती टिकली आणि पसरली, ती याच गुणावर. लंडनमधला रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स यानं 9 मे 1662 या दिवशी कॉव्हेंट गार्डनला एका इटालियन खेळियाचा बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद केली आहे. इंग्रज लोक आपल्या 'पंच' या लाडक्या बाहुल्याचा वाढदिवस म्हणून तीच तारीख धरतात. त्या वेळी पंच दोरीवर नाचत होता. दोरीच्या खेळाला रंगमंच, सामान वाहायला गाडी आणि माणसं लागायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे परवडेना. मग पंचच्या दोऱ्या सुटल्या आणि तो हातावर आला. पाठीवरून नेता येईल असा कापडी खोका, आत एक माणूस, बाहेर पैसे गोळा करायला दुसरा, एवढ्यावर खेळ समुद्रकिनाऱ्यापासून गल्लीपर्यंत कुठंही लागू लागला.

हातांच्या संख्येनं गोष्टही बदलली. माणसाला हात दोन, म्हणून एका वेळी पात्रंही दोनच. पंच उजव्या हातावर कायम राहतो आणि बाकीचे, म्हणजे बायको, पोलीस, मगर, एकामागून एक डाव्या हातावर येऊन जातात. म्हणून त्याच्या गोष्टीत नेहमी एकाची गाठ दुसऱ्याशी पडते आणि लगेच भांडण जुंपतं. मुलांच्या हाती दोन मोजे द्या, त्यांचाही खेळ असाच चालू होतो. कुणी शिकवावं लागत नाही.

फ्रान्समधल्या लियों शहरात याच सुमारास लोराँ मूर्गे नावाचा माणूस होता. 1769 साली जन्मलेला, रेशीम विणणाऱ्यांच्या कुळातला. क्रांतीनंतर रेशमाचा धंदा बसला आणि तो दात काढायच्या कामाला लागला. दात काढणारे तेव्हा बाजारात बसत. गिऱ्हाईक जमवायला आणि दुखणं विसरायला लावायला तो हातावर बाहुल्या नाचवू लागला. लोक दातांपेक्षा बाहुल्यांसाठी थांबू लागले, तेव्हा त्यानं दातांचं काम सोडलं. 1808 च्या सुमारास त्यानं घडवलेला 'गिन्योल' हा लियोंच्या विणकरांसारखाच बोलणारा, त्यांच्यासारखाच कपडे घालणारा गरीब माणूस होता. फ्रान्समध्ये आज हातबाहुलीच्या खेळालाच गिन्योल म्हणतात. बाहुलीचं पात्र शेजारपाजारच्या माणसांतून कसं जन्मतं, ते मला या दात काढणाऱ्यानं समजावलं.

बाजारातून ही बाहुली घरात कशी आली, याचं मला आवडणारं उदाहरण चित्रकार पॉल क्ले याचं आहे. 1916 साली मुलगा फेलिक्सच्या नवव्या वाढदिवसाला त्यानं आठ हातबाहुल्या करून दिल्या. मुलगा खेळत राहिला आणि बाप करत राहिला. पुढच्या नऊ वर्षांत सुमारे 50 बाहुल्या झाल्या. हे काम त्यानं प्रदर्शनासाठी केलं नव्हतं. घरात जे सापडेल त्यातूनच केलं: प्लास्टर, जुन्या कपड्यांचे तुकडे, हाडाचा तुकडा, काड्यापेट्या. एका भुताचं डोकं त्यानं विजेच्या सॉकेटचं केलं, कारण त्या दोन भोकांतून त्याला चेहरा दिसला. त्यातल्या 30 बाहुल्या आज बर्नच्या पॉल क्ले संग्रहालयात आहेत. पहिल्या संचातल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात गेल्या. फेलिक्स मोठा होऊन नाट्यदिग्दर्शक झाला. इतका मोठा चित्रकार मुलासाठी काम करायला बसला, तेव्हा त्यानं किमती सामान आणलं नाही, काड्यापेटी उचलली. घरात मुलांसोबत बसणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

आता मोज्याकडे येऊ. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला नेल्सन निटिंग कंपनी कामगारांसाठी बिनशिवणीचे मोजे विणायची. नकला होऊ लागल्या, म्हणून 1932 साली कंपनीनं आपल्या मोज्याची टाच लाल केली. ते मंदीचे दिवस होते, खेळणी घ्यायला पैसे नव्हते. घरोघरच्या बायकांनी विटलेल्या मोज्यांत चिंध्या भरून माकडं शिवली आणि लाल टाचेचं त्यांनी माकडाचं तोंड केलं. नक्कल ओळखावी म्हणून घातलेला रंग मुलांच्या माकडाचे ओठ झाला. त्या माकडाच्या नमुन्याचं पेटंट कंपनीनं 1955 साली मिळवलं आणि पुढे मोज्यांच्या जोडीबरोबर माकड शिवायच्या सूचनाही दिल्या. ही हातात घालायची बाहुली नव्हे, पण नात्यातली आहे. मोज्याच्या टाचेत तोंड दडलेलं आहे, हे तिनं दाखवलं.

त्याच 1955 साली वॉशिंग्टनच्या दूरचित्रवाणी केंद्रावर जिम हेन्सन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पाच मिनिटांचा बाहुल्यांचा कार्यक्रम करू लागला. त्यासाठी त्यानं आईचा जुना, निळसर हिरवा कोट कापला आणि एक बाहुली शिवली. टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून डोळे केले. तिचं नाव केरमिट. आज केरमिट म्हटलं की बेडूक आठवतो, पण तेव्हा तो बेडूकही नव्हता, नुसता सरड्यासारखा कुणीतरी होता. बेडूकपण पुढे आलं. तो पहिला केरमिट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

हेन्सननं एक महत्त्वाचा बदल केला. पंचच्या काळातल्या बाहुलीचा चेहरा लाकडाचा, घट्ट होता. गल्लीत लांबून बघणाऱ्याला चेहरा दिसतच नसे, तेव्हा हात हलणं, काठी बसणं पुरेसं होतं. दूरचित्रवाणीवर चेहरा समोर, हातभर अंतरावर येतो. म्हणून हेन्सननं मऊ कापड घेतलं आणि बोटांना बाहुलीच्या हातांतून काढून तिच्या तोंडात घातलं. वर चार बोटं, खाली अंगठा. मोज्याच्या बाहुलीची पकड हीच आहे. तळहात थोडा आवळला की ती ओठ मुडपते, बोटं वाकवली की रुसते.

आपल्याकडे अशी तोंड हलवून बोलणारी बाहुली म्हटलं की पाध्ये घराणं आठवतं. यशवंत पाध्ये यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी शब्दभ्रमाच्या कलेत अर्धवटराव या बाहुल्याला उभं केलं आणि रामदास पाध्ये यांनी त्याला घरोघर नेलं. 1993 च्या 'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचू त्यांच्याच हातचा. मराठी माणसाला या बाहुल्या कुणा नातेवाइकासारख्या ओळखीच्या आहेत.

हेन्सनच्या बाहुल्या घडवणारा डॉन साहलिन डोळ्यांबाबत फार काटेकोर होता. बाकी सगळी बाहुली तयार झाल्यावर तो शेवटी डोळ्यांची जागा ठरवायचा. डोळे आणि नाक यांचा त्रिकोण जमला, बुबुळं किंचित आत वळली, की बाहुली शून्यात न बघता कुणाकडे तरी बघायला लागते. बघायला लागली की जिवंत होते.

हे वाचलं आणि मला तो राखाडी मोजा आठवला.

भाषांना हे आधीपासून माहीत असावं. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला आपण 'डोळ्यातली बाहुली' म्हणतो, कारण अगदी जवळून बघितलं तर समोरच्याच्या डोळ्यात आपली चिमुकली आकृती दिसते. संस्कृतातल्या 'कनीनका' या शब्दाचा अर्थ लहान मुलगी आणि डोळ्यातली बाहुली असा दोन्ही आहे. लॅटिनमध्येही 'पुपा' म्हणजे मुलगी किंवा बाहुली, 'पुपिला' म्हणजे तिचं लहान रूप, आणि डोळ्यातल्या बाहुलीचं नावही तेच. इंग्रजीतला 'पपेट' त्याच घरातला. दूर दूरच्या भाषांनी बाहुली आणि नजर एकाच शब्दात ठेवली.

आता प्रत्यक्ष करण्याविषयी, कारण कुळकथा वाचून मोजा पेटीतच राहिला तर काय उपयोग? मोजा हातात घालायचा. चार बोटं पुढच्या टोकात, अंगठा टाचेत. मधलं कापड दुसऱ्या हातानं आत ढकललं की तोंड होतं. तोंडाला घट्टपणा हवा असेल तर लंबगोल पुठ्ठा मधोमध दुमडून आत चिकटवावा. केसांना लोकर, कानांना जुन्या ब्लाऊजचा तुकडा. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बटणाचे डोळे लावू नयेत, सुटलं तर तोंडात जातं. कापडाचे गोल चिकटवावेत किंवा शाईनं काढावेत. थोड्या मोठ्या मुलांना बटण द्यावं, पण ते आपण पक्कं शिवावं. बोर्डीला 1945 साली आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांच्या जागी शंख, बिया, खडे आणून वाडीतल्या अंगणात शाळा भरवली. आमची पेटी त्याच वाटेवरची आहे असं मी मानते.

एक क्रम मात्र मी बदलला आहे. पूर्वी मी डोळे लावून बाहुली मुलांच्या हातात द्यायचे. आता आधी हात, मग डोळे. मुलानं मोजा घातला, तोंड हलवून बघितलं, बाहुली इकडे तिकडे वळली, की मी कापडाचे गोल तळहातावर धरते आणि जागा सांगत नाही. विचारते, "ही कुणाकडं बघतेय?"

गेल्या आठवड्यात एका मुलानं जरा विचार करून सांगितलं, "पंख्याकडं." आम्ही दोन्ही डोळे डोक्याच्या अगदी वर, बोटांच्या टोकाशी लावले. त्यानं हात उंच केला. मग दोघंही, तो आणि त्याची बाहुली, बराच वेळ वर फिरणारा पंखा बघत बसले.